शिसारीचं निदान

मला पहिली शिसारी आली ती आमरसाची.

मे महिन्यातला रविवार होता. सासूबाईंनी रस काढला होता, माझी मुलगी ओवी पुण्याहून आली होती, आणि रणधीर, माझा नवरा, दुसऱ्या वाटीवर होता. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि नाकात वास शिरला तो हापूसचा नव्हता. दाढेखालचं गळू फोडलं की जो भपकारा येतो, तो होता. मी वाटीत पाहिलं. पिवळं, दाट, मध्ये एक लाल रेषा. चमचा खाली ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले.

यात विशेष काय, असं वाटेल. पण मी दंतवैद्य आहे. कराडात अठरा वर्षं लोकांच्या तोंडात हात घालते आहे. कुजलेल्या दाढा, तंबाखूने सडलेल्या हिरड्या, पू, रक्त, आठवडाभर न घासलेल्या कवळ्या, सगळं पाहून दुपारी त्याच हातांनी डबा खाल्लेला आहे. मला कधी साधी मळमळही झाली नव्हती. आणि आता घरच्या आमरसाने मला ओकायला लावलं.

पुढच्या पंधरवड्यात शिसारी वाढत गेली. चहावरची साय जखमेवरच्या खपलीसारखी दिसायची. भाताची शितं हलताहेत असं वाटायचं. सासूबाई जेवताना त्यांच्या तोंडातला घास ऐकू यायचा, आणि मला ताट घेऊन गच्चीवर जावं लागायचं. रात्री रणधीरचा तळहात पाठीवर पडला, तर ओला, थंड मांसाचा तुकडा कुणी ठेवल्यासारखं होऊन मी दचकून सरकायचे.

"काय झालं?"

"उकडतंय."

मग हात थरथरायला लागले. सुरुवातीला बारीक. नंतर एकदा रूट कॅनाल करताना उजवा हात असा उडाला, की रुग्णाची जीभ थोडक्यात वाचली. चालताना पाय फाकायचे, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, आणि 'स्टरिलायझर' म्हणताना जीभ अडखळायची. गंमत अशी, की एखाद्या दिवशी सगळं ठाकठीक असायचं. मी सुईत दोरा ओवून रणधीरला दाखवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याचा पेला धरता यायचा नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडात आरसा घातला आणि मी त्यांच्याच छातीवर ओकले. ते बिचारे काही बोलले नाहीत. त्यांच्या सुनेने मात्र बाहेर जाऊन गावभर सांगितलं, की डॉक्टरीणबाईंना आता पेशंटची घाण वाटते. त्या दिवसापासून दवाखान्याला कुलूप लागलं.

तेव्हा तपासणी केंद्रं प्रत्येक तालुक्यात झाली होती. मलकापूरच्या केंद्रात एका लांब पांढऱ्या खोलीत मला चालायला लावलं, चिमटी उघडमीट करायला लावली, एक वाक्य वाचायला लावलं. भिंतीतले कॅमेरे बघत होते. लाखो रुग्णांच्या हालचाली पाहून शिकलेलं ते यंत्र. आवाज फार गोड होता त्याचा. "धन्यवाद, हेमांगीताई. आता बसा." पाच मिनिटांत निकाल: हालचालींचा विकार, अवनतिशील. म्हणजे हळूहळू वाढणारा, परत न फिरणारा.

मी वाद घातला नाही. माझ्या दवाखान्यातले एक्स-रेसुद्धा यंत्रच वाचायचं आणि क्वचितच चुकायचं. रक्त तपासायचं नाही का, एवढं मी विचारलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, हालचाल इतकी स्पष्ट आहे, की गरज नाही. विमावालेही आता वेगळ्या तपासण्या मंजूर करत नाहीत."

आणि मग त्याने 'निश्चल' दाखवलं.

दोन चकत्या होत्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. कानांमागे चिकटवायच्या. कंप होतो तेव्हा मेंदूतल्या काही पेशी एका तालात पेटत-विझत असतात. 'निश्चल' तो ताल ओळखायचं आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याच्या बरोबर उलटा ताल आत सोडायचं. दोन्ही एकमेकांना मारतात. गोंगाट गिळणाऱ्या हेडफोनमध्ये असतं, तेच तत्त्व. शस्त्रक्रिया नाही, दुखणं नाही. चकत्या लावल्या आणि मिनिटाभरात माझे हात मांडीवर शांत झोपले. ओवी रडली. रणधीरने त्या तरुण डॉक्टरला मिठी मारली. मीही हसले. पेला उचलून पाणी प्यायले. पाण्याला गटाराचा वास होता, पण कुणाला सांगितलं नाही.

कंप थांबला म्हणून आजार थांबला, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. आज कळतं, आग लागलेल्या घरात आम्ही फक्त धोक्याची घंटा बंद केली होती. आत जे जळत होतं ते जळतच राहिलं.

हात स्थिर झाले आणि डोकं बिघडत गेलं. सासूबाई दुधात काहीतरी कालवतात, अशी माझी खात्री झाली. मी पातेलं मोरीत ओतलं. वार विसरायला लागले. एकदा रणधीरच्या तोंडावर आमटीची वाटी फेकली, कारण त्याच्या दातांतून अळ्या बाहेर येताना मला दिसल्या. मी किंचाळायचे. शेजारचे दारं लावून घ्यायचे. हे सगळं खरं आहे. माझ्या घरच्यांनी खूप सोसलं, हेही खरं. रणधीरने माझी ओकारी काढली, मला न्हाऊ घातलं. ते मी नाकारत नाही.

पण 'निश्चल'मध्ये आणखी एक सोय होती. स्मृती गेलेले म्हातारे रात्री-अपरात्री आरडाओरडा करतात, त्यांच्यासाठी. त्या सोयीचं नाव होतं 'शांत'. ताबा काळजीवाहकाच्या फोनवर असायचा. रुग्णाला विचारायची गरज नव्हती. 'अवनतिशील' शिक्का बसला, की कायद्याने तो हक्क घरच्यांकडे आपोआप जायचा.

रणधीरने ती पहिल्यांदा लावली तेव्हा मी सासूबाईंच्या अंगावर धावून जात होते. मधल्या मधे थांबले. पाय टेकले, हात खाली आले, ओठ मिटले. एखाद्या बाहुलीसारखी खुर्चीत बसले.

"बघ, किती बरं वाटलं तिला," सासूबाई म्हणाल्या.

बरं वाटलं नव्हतं. शिसारी तशीच होती. तिचा चेहऱ्याकडे येणारा रस्ता तेवढा बंद झाला होता. आत मी घाण, घाण, घाण म्हणून ओरडत होते, आणि बाहेर माझे ओठ किंचित हसरे होते. दिवाणखान्याच्या काचेत मी ते हसू पाहिलं. माझ्याच तोंडाची किळस आली.

हळूहळू 'शांत' रोजचंच झालं. धावून जायची गरज उरली नाही. पाहुणे येणार, लावा. सासूबाईंची मालिका सुरू होणार, लावा. घराला सवय लागली.

रणधीरचं कोयनेच्या काठाला मंगल कार्यालय आहे. यजमान म्हणून हसणं हाच त्याचा धंदा. मार्गशीर्षात तिथे तालुक्यातल्या एका बड्या घरचं लग्न होतं, आणि दाराशी स्वागताला मालक-मालकीणबाई जोडीनं हव्यात, असा मुलीकडच्यांचा आग्रह होता. मला जरीची साडी नेसवली, गजरा माळला, अंबाड्याने चकत्या झाकल्या आणि खुर्चीत बसवलं.

बायका येत होत्या, माझा हात दाबत होत्या. प्रत्येक हात मला चिकट लागत होता. "किती छान दिसतात! काही आजार आहे असं वाटतसुद्धा नाही." अत्तर, घाम, तूप, शिळी फुलं, सगळ्यांचा मिळून एक मेलेल्या जनावराचा वास झाला होता. मग नवऱ्या मुलीची आत्या हसत हसत आली, गरम जिलेबीचा तुकडा मोडला आणि "तोंड गोड करा" म्हणत माझ्या ओठांतून आत सारला.

माझ्या जिभेवर ते काय होतं, हे सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही. मला ते थुंकायचं होतं. जबडा हलेना. तो लिबलिबीत गोळा तोंडातच राहिला, पाक घशात उतरत राहिला, उरलेला लाळेबरोबर हनुवटीवरून ओघळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रणधीरने रुमाल काढला, माझी हनुवटी पुसली आणि फोटोवाल्याला म्हणाला, "या बाजूने घे."

मला आठवतं ते तेवढंच. पुढे मला फिट आली. खुर्चीसकट कोसळले आणि हातपाय झाडू लागले. ते वादळ दोन चकत्यांना पेलणारं नव्हतं.

मिरजेला नेलं. डॉ. फरीदा मुल्ला तिथे मेंदूविकार पाहायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. मेंदूचा आलेख काढायचा तर 'निश्चल' काढावं लागतं, म्हणून नर्सने चकत्या सोडवल्या. कित्येक महिन्यांत मला कुणी उघडं पाहिलं नव्हतं, ते त्या बाईंनी पाहिलं. कॉटजवळ खुर्ची ओढून त्या नुसत्या बघत बसल्या. कंप होता, पण मध्येच एखादा स्नायू विजेचा झटका बसल्यासारखा उडायचा. सकाळी मी कुणालाच ओळखलं नाही, संध्याकाळी त्यांच्याशी त्यांच्याच किडलेल्या सुळ्याबद्दल बोलले.

"हे पहिल्यापासून असं कमीजास्त होतं का?" त्यांनी रणधीरला विचारलं.

"हो. एखादा दिवस अगदी बरी असायची."

"झिजणारा मेंदू असा मागेपुढे करत नाही. तो झिजतो. हे झिजणं नाही, सूज आहे. रक्त कुणी तपासलं?"

कुणीच तपासलं नव्हतं.

त्यांनी रक्त तपासलं, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. जंतू नव्हते, गाठ नव्हती, दुसरी ओळखीची कारणंही निघाली नाहीत. थायरॉइड थोडासाच मंद होता. पण थायरॉइडवर हल्ला करणारी प्रतिपिंडं रक्तात अफाट होती.

शुद्ध आल्यावर त्यांनी मला समजावलं, ते डॉक्टरने डॉक्टरला सांगावं तसं. शरीराची संरक्षक फौज कधीकधी स्वतःच्याच थायरॉइडला शत्रू समजते. हे पुष्कळ बायकांत होतं आणि बहुतेकींच्या मेंदूला काहीही होत नाही. पण क्वचित एखादीत त्याच गोंधळात मेंदूही सापडतो. मग कंप, तोल जाणं, झटके, भ्रम, संशय. बाहेरून पाहिलं तर थेट हालचालींचा विकार. ती प्रतिपिंडं स्वतः मेंदूला इजा करतात, की नुसती धुरासारखी आगीची खूण असतात, हे अजून नक्की ठाऊक नाही. हाशिमोटोचा मेंदूविकार म्हणतात याला.

"आणि वास?" मी विचारलं. "शिसारी?"

"चव आणि वासाचे भ्रम मेंदूच्या सुजेत होऊ शकतात. यंत्राचं म्हणाल, तर हात कसा हलतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. का हलतो, हे त्याला कुणी विचारलंच नाही."

स्टेरॉइड सुरू झालं, आधी शिरेतून, मग गोळ्या. चार-पाच दिवसांनी सकाळी जाग आली तर कुठूनतरी उपम्याचा वास येत होता. उपम्याचा! कढीपत्ता, मोहरी, तूप. मी दोन बशा खाल्ल्या आणि तिसरी मागितली. हात स्थिर होते, माझे मीच स्थिर ठेवलेले. तोंड स्टेरॉइडने भोपळ्यासारखं सुजलं, साखर वाढली, पण आठवड्याभरात मला वार आठवायला लागले.

घरी आले. साय पुन्हा साय झाली. सासूबाईंचा घास घासासारखा ऐकू येऊ लागला. दवाखाना उघडला. एकेक शिसारी माझ्या अंगावरून उतरत गेली, आणि मी शेवटच्या शिसारीची वाट पाहत राहिले. रणधीरच्या हाताची. आज जाईल, उद्या जाईल. ती जाईना. त्याने खांद्यावर हात ठेवला, की माझ्या घशाशी जिलेबी यायची.

एका संध्याकाळी मी विचारलंच.

"लग्नात तो तुकडा माझ्या तोंडात होता, तेव्हा मला तो नकोय, हे तुला कळत नव्हतं?"

तो गोंधळला. "तुझ्या डोळ्यांत पाणी होतं खरं. मला वाटलं, एवढ्या लोकांनी विचारपूस केली म्हणून भरून आलं असेल."

"खरंच वाटलं?"

"हेमांगी, समोर दोन हजार माणसं होती. 'शांत' काढलं असतं आणि तू किंचाळली असतीस तर?"

"तर लोकांना कळलं असतं, की मला काहीतरी होतंय."

तो जवळ सरकला, माझा हात हातात घेतला, आणि फार मायेने म्हणाला, "एक सांगू? राग मानू नकोस. त्या दिवसांत तू शांत असायचीस ना, तेव्हा मी कार्यालयातून आलो की तुझ्याशेजारी बसून दिवसभराचं सगळं सांगायचो. तू ऐकत राहायचीस. मध्ये एक शब्द नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, तू इतकं माझं कधी ऐकून घेतलं नव्हतंस. खरं म्हणजे, छान वाटायचं गं."

तो खोटं बोलत नव्हता. डोळे ओले होते त्याचे. माझ्या आत मी कुजत होते, आणि हा माणूस शेजारी बसून सुखात होता. मी हात हिसकावून घेतला.

"शी! दूर हो. मला शिसारी येते तुझी."

त्याचा चेहरा उतरला नाही. तो सावध झाला. मला न्याहाळू लागला, डोळे, हात, बोटं. मग हळू आवाजात म्हणाला, "पुन्हा सुरू झालं का? मुल्ला मॅडमना फोन लावू?"

आणि स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "त्या चकत्या कुठे ठेवल्यास रे?"

मी जागच्या जागी गार पडले. चूक त्यांची नव्हती म्हणा. माझा आजार असाच तर सुरू झाला होता, शिसारीनेच. तो उलटू शकतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे यापुढे आयुष्यभर मला या माणसाची शिसारी आली, तर ते लक्षण ठरणार होतं. शांतपणे सांगितलं तर मी बरी, आवाज चढवला तर आजारी. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, मलाही खात्री नव्हती. अळ्याही मला तेव्हा खऱ्याच दिसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ओवीला पुण्याहून बोलावून घेतलं आणि एसटीने मिरज गाठलं. डॉ. मुल्लांना म्हटलं, "डॉक्टर, मला नवऱ्याची शिसारी येते. ती आजाराची आहे का, तेवढं तपासून सांगा."

त्या हसल्या नाहीत. आलेख काढला, रक्त घेतलं, बोटं नाकाला लावायला सांगितली, एका रेषेत चालवलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग बाहेर थांबा म्हणाल्या.

आम्ही कँटीनमध्ये बसलो. ओवीने चहा आणला, पण तिचा स्वतःचा तसाच निवत होता.

"आई, मीपण लावलं होतं. 'शांत'."

मी तिच्याकडे पाहिलं.

"दिवाळीत. बाबा बाहेर गेले होते, त्यांचा फोन माझ्याकडे होता. तू आतून ओरडत होतीस आणि माझी ऑनलाइन मुलाखत होती. लावलं. तू गप्प झालीस. मुलाखत छान झाली. मग पाणी द्यायला तुझ्याजवळ आले, तर तू माझ्याकडे बघत होतीस. फक्त डोळ्यांनी." तिने तोंडावर हात धरला. "मला स्वतःची इतकी घाण वाटली, की मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. मग काढून टाकलं. तू मला मारलंस. मी मार खाल्ला. बाबांना म्हटलं, हे नका लावत जाऊ. ते म्हणाले, तू पुण्यात असतेस, तुला काय कळणार."

तो मार मला आठवत नव्हता. मी वाट पाहिली, आता हिचीही शिसारी येईल म्हणून. नाही आली. मी तिचा निवलेला चहा माझ्याकडे ओढला आणि पिऊन टाकला.

डॉ. मुल्लांनी आत बोलावलं.

"आलेख स्वच्छ आहे. प्रतिपिंडं अजून आहेत, ती राहतील, पण सूज असल्याची एकही खूण नाही. तुमचा मेंदू आज माझ्या मेंदूइतका धड आहे."

"म्हणजे शिसारी—"

"तुमची आहे. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही." त्यांनी माझी फाइल पुढे ओढली. "आता दुसरं. हा आजार उलटतो कधीकधी. तशी वेळ आली, तर तुमच्या वतीने कोण निर्णय घेणार, हे धडधाकट असताना ठरवून ठेवता येतं. सध्या मिस्टरांचं नाव आहे."

"ते काढा. मुलीचं घाला."

ओवी दचकली. "आई, माझं? आत्ताच तर तुला सांगितलं मी काय केलं ते."

"म्हणून तर."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मी रणधीरला फोन करून सांगितलं, की दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या झाडून घेणार आहे, आणि आता तिथेच राहणार आहे. तो म्हणाला, "मॅडमनी रिपोर्ट काय दिला?"

"नॉर्मल," मी म्हटलं.

"मग असं का करतेस?"

त्याला खरोखरच कळलं नव्हतं. मी फोन ठेवला.

पेठनाका गेला तरी ओवी खिडकीबाहेर बघत होती. उसाच्या मोळ्या भरलेले ट्रॅक्टर मागे पडत होते.

"आई, पुन्हा झालं तर? तू मला ओळखलंच नाहीस, शिव्या दिल्यास, तर?"

"ऐकून घे."

"मारलंस तर?"

"हात धर. दोघातिघांना बोलाव, बांधून घाल गाडीत, पण मिरजेला ने."

"आणि वाटेत सगळ्यांदेखत ओरडत राहिलीस तर?"

"ओरडू दे मला, ओवी," मी म्हटलं. "वाटेल तितकं ओरडू दे."